गोव्यात मांजरांचा निवारा: एकही जीव न मारता, वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, आधारावर

मांजरांसाठी निवारा काढायचं मनात आलं की बहुतेकजण आधी जागा शोधायला लागतात. कुणाच्या भाटात (माडांच्या बागेत) रिकामी खोप आहे का, कुणी चिऱ्यांचं जुनं घर देईल का. माझं सांगणं असं, की जागेआधी आकडा ठरवा. आपल्याला किती मांजरं नीट सांभाळता येतील तो आकडा कागदावर लिहा, बरोबरच्या चारजणांच्या सह्या घ्या आणि मग जागेकडे वळा.

‘नो-किल’ म्हणजे जागा नाही, पैसा नाही, मांजर म्हातारं आहे किंवा माणसाळत नाही, अशा कारणांनी कुठलाही जीव मारायचा नाही. हा शब्द पाळायचा तर दारातून आत किती घ्यायचे याला मर्यादा हवीच. मर्यादा नसलेल्या निवाऱ्यात सुईने कुणी मारत नाही, पण गर्दी, सर्दी आणि जुलाब तेच काम सावकाश करतात. वीस मांजरांच्या जागेत साठ कोंबलेली मी पाहिली आहेत. डोळे चिकटलेले, बरगड्या वर आलेल्या, आणि प्रत्येक भांड्याशी मारामारी. तिथली माणसं वाईट नव्हती, त्यांना नाही म्हणता येत नव्हतं एवढंच. बरा होणार नाही आणि असह्य वेदनेत आहे असा जीव मात्र तळमळत ठेवू नये. तो निर्णय पशुवैद्याने घ्यावा, शक्य असेल तर दोघांच्या मताने, आणि त्याची लेखी नोंद व्हावी.

मग बाकीच्या मांजरांचं काय? ती आहेत तिथेच राहावीत: नसबंदी झालेली, लस टोचलेली, वेळच्या वेळी खायला मिळणारी. निवारा फक्त ज्यांना बाहेर जगताच येणार नाही त्यांच्यासाठी. आंधळं, पाय गेलेलं, आईविना पिल्लू, घरात वाढून अचानक रस्त्यावर आलेलं. या कामाचा खरा पसारा वाड्यावर असतो. निवारा जितका लहान ठेवाल तितका तो टिकेल.

आकडा कसा काढायचा

एका मोठ्या मांजराला निदान १८ चौरस फूट जागा लागते. बारा बाय पंधराची खोली म्हणजे १८० चौरस फूट, त्यात दहाच मांजरं. भिंतींवर फळ्या लावल्या की त्यांना बसायला जागा वाढते, पण आकडा वाढवू नका.

दुसरं मोजमाप वेळेचं. खाणं आणि सफाई मिळून एका मांजरामागे दिवसाला १५ मिनिटं धरा. तीस मांजरं झाली की साडेसात तास, म्हणजे एका माणसाचा पूर्ण दिवस. औषधं, डॉक्टरकडच्या फेऱ्या, फोन हे सगळं त्याच्या वर. सगळी कामं फावल्या वेळात करणारे स्वयंसेवक असतील तर आठवड्याचे तास खरेखुरे लिहून काढा. ‘येतो रे’ म्हणणारे दहा असतात, पावसात सकाळी सातला येणारे दोन.

तिसरं मोजमाप खाण्याचं. चार किलोचं मांजर कोरडं खाणं दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम खातं. तिसांचे महिन्याला पन्नास किलो झाले. जागा, वेळ आणि खाणं या तिन्हींत जो आकडा सर्वांत लहान येईल तो आपला आकडा. त्यातूनही दोन-तीन जागा कायम रिकाम्या ठेवा. गणेशचवथीच्या आदल्या दिवशी गाडीखाली आलेलं पिल्लू कुणीतरी घेऊन येणारच.

वाड्याची मोजणी

पहिल्या महिन्यात एकही मांजर उचलू नका. वही घेऊन फिरा. पहाटे पोदेर (पाववाला) यायच्या वेळी आणि संध्याकाळी दिवेलागणीला मांजरं दिसतात, दुपारी दिसत नाहीत. प्रत्येकाचा रंग, खुणा, बोका की भाटी (मादी), पोट आलेली आहे का, कोण खायला घालतं, हे लिहा. मोबाइलवर फोटो काढा. घराघरात विचारताना ‘तुमचं मांजर’ म्हणू नका, जबाबदारी नको म्हणून लोक लगेच ‘आमचं नव्हे’ म्हणतात. ‘काकी, तुमच्याकडे जेवायला कोण कोण येतं?’ असं विचारलं की पूर्ण वंशावळ कळते.

गोव्यात मांजरांचे अड्डे ठरलेले. फोंडा, म्हापसा, मडगावचे मासळी बाजार, मालिम आणि कुटबणच्या जेटी, किनाऱ्यावरचे शॅक, देवळांच्या अग्रशाळा (भक्तांच्या उतरायच्या जागा), आणि शहरातल्या सोसायट्यांचे जिने. त्यांचं वर्षही आपल्या वर्षासारखंच चालतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्याआधीच शॅक मोडलेले. आठ महिने पर्यटकांच्या ताटातल्या तुकड्यांवर जगलेली मांजरं ऐन पावसात उपाशी पडतात आणि गावात शिरतात. म्हणून किनारपट्टीवर काम असेल तर जून-जुलैच्या खाण्याची तजवीज एप्रिलमध्येच करा. शॅकवाल्यांकडे मागायची वेळही तीच, हंगाम आटपून हिशेब होत असताना.

नसबंदी: पकडण्यापासून सोडण्यापर्यंत

भाटी चार महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून वाड्यावरच्या दहा मांजरांपैकी तीन-चार करून थांबलात तर वर्षभरात केलेलं काम दिसतही नाही. दहांपैकी सात-आठ तरी व्हायला हवीत. चार वाड्यांत थोडी थोडी करण्यापेक्षा एक वाडा पुरा करा, मग पुढच्या वाड्यावर जा.

आधी दोन-तीन आठवडे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी खायला घाला. पिंजरा उघडा ठेवून त्याच्या शेजारी, मग तोंडाशी, मग आत. पकडायच्या आदल्या संध्याकाळी मोठ्यांचं खाणं बंद, पाणी चालू. लहान पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवायचं नाही, डॉक्टर सांगतील तेवढंच. आमिष म्हणून उकडलेला बांगडा, कोमट असताना. वासाला तोड नाही. पिंजऱ्याचं दार पडलं की लगेच जाडं कापड टाका. अंधार झाला की मांजर धडका देणं थांबवतं. गोणपाटात भरून आणायची पद्धत अजून दिसते. त्यात मांजर गुदमरतं आणि आणणाऱ्याच्या हाताचा चावा घेतं. ती बंद करा.

डॉक्टरांशी आधीच चार गोष्टी बोलून घ्या. बेशुद्ध असतानाच रेबीजची लस टोचायची. डाव्या कानाचं टोक सरळ कापायचं, म्हणजे लांबूनही कळतं की हिचं झालेलं आहे आणि तिला पुन्हा पकडायचं नाही. टाके आतून, विरघळणारे. आणि भाटीच्या सडांत दूध आहे का ते बघायचं. दूध असेल तर पिल्लं कुठेतरी वाट बघत आहेत, तिला लवकरात लवकर परत पोचवायला हवं. एरवी बोक्याला एक रात्र, भाटीला दोन रात्री कोरड्या, शांत जागी ठेवा आणि जिथून उचललं तिथेच सोडा. दुसऱ्या वाड्यावर सोडलेलं मांजर घर शोधत निघतं आणि हायवेवर संपतं. आणखी एक गोष्ट वाड्यावर सांगून ठेवा: बोक्याचं ऑपरेशन झाल्यावरही काही आठवडे त्याच्याकडून भाटी गाभण राहू शकते. नाहीतर ‘ऑपरेशन फुकट गेलं’ अशी बातमी पसरते.

रेबीजविषयी. ‘मिशन रेबीज’ ही संस्था आणि राज्य सरकार यांच्या अनेक वर्षांच्या लसीकरणानंतर २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. ते लस टिकवल्यामुळेच टिकणार आहे. पिंजरे हाताळणाऱ्या प्रत्येकाने आपलीही प्रतिबंधक लस घ्यावी. चावलं, ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायचं. हळद, चुना काही लावायचं नाही.

जागा आणि बांधकाम

जागा भाटकाराची (जमीनमालकाची) असो की मामाची, लेखी करार करा. शब्दावर दिलेली जागा मालकाच्या मुलांच्या वाटणीत जाते आणि मांजरं रस्त्यावर येतात. शेतजमिनीवर पक्कं बांधायचं तर सनद (जमीन बिगरशेती केल्याचा कागद) लागते, पंचायतीचा दाखला लागतो, किनाऱ्याजवळ सीआरझेडचे, म्हणजे किनारी क्षेत्राचे, नियम वेगळे. त्यापेक्षा आधीपासून उभं असलेलं कौलारू घर परवडतं.

इथला मोठा शत्रू म्हणजे ओल. जमीन दीड-दोन फूट उंच, पावसाच्या बाजूला झडप, आणि दिवसातून थोडं तरी ऊन आत येईल अशी पडवी. जूनपासून गजकर्ण वाढतं आणि ते माणसालाही लागतं, म्हणून चादरी-गोधड्या कमी ठेवा, ज्या ठेवाल त्या रोज वाळवा. दाराला दोन टप्पे करा: पहिलं दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. जाळी वेल्डमेशची, एक इंचाची. कोंबड्यांची षटकोनी जाळी दोन पावसाळ्यांत गंजते. शौचासाठी सॉ-मिलचा कोरडा भुसा चालतो, भिजलेला नको, दर दोन मांजरांमागे एक तरी तसराळं.

नवं मांजर थेट आत नाही

हा नियम कुणासाठीही मोडायचा नाही, सरपंचाच्या मांजरासाठीही नाही. प्रत्येक नव्या मांजराला १४ दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचं. वेगळी भांडी, वेगळा झाडू, वेगळ्या चपला, आणि त्या खोलीचं काम दिवसाच्या शेवटी. कारण आहे पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो, विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार. लस न झालेल्या पिल्लांत तो शिरला की घोळकाच्या घोळका दोन-तीन दिवसांत आडवा होतो. लक्षण ओळखायला शिका: पिल्लू पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसतं, पण पीत नाही. मग उलट्या, जुलाब. असं दिसलं की वाट बघू नका, त्याच तासाला डॉक्टर.

हा विषाणू खोलीत वर्षभरही जिवंत राहू शकतो आणि नुसत्या साबणाने मरत नाही. आपल्याकडे फरशी पुसायला सगळीकडे फिनेल वापरतात. मांजरांच्या निवाऱ्यात फिनेल आणायचंच नाही, मांजराच्या यकृताला ते पचत नाही आणि पंजे चाटताना ते पोटात जातं. आधी साबणाच्या पाण्याने घाण काढा, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी साधारण तीस भाग असं मिश्रण फरशीवर दहा मिनिटं राहू द्या, मग स्वच्छ पाण्याने धुवा आणि वाळल्यावरच मांजरं आत. मिश्रण रोज ताजं करा. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

तिहेरी लस (पॅनल्युकोपेनिया आणि सर्दीच्या दोन विषाणूंवरची) सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत. आणि दोन गोष्टी औषधांच्या कपाटावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा. माणसांची पॅरासिटामॉल मांजराला मारते, अर्धी गोळीसुद्धा. कुत्र्यांच्या पिसवांचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावलं तर झटके येऊन ते मरू शकतं.

आईविना पिल्लं

बहुतेक वेळा ती आईविना नसतातच. आई शिकारीला गेलेली असते किंवा माणसं हटायची वाट बघत माडाच्या आड बसलेली असते. पिल्लं उबदार असतील, पोट भरलेलं असेल, तर भोवती थोडं पीठ भुरभुरवा आणि काही तासांनी या. पिठात पावलं उमटली असतील तर आई येऊन गेली. पाऊस असेल तर कोरडा खोका तिथेच, दोन हातांवर, ठेवा.

खरंच आई नसेल तर पहिलं काम ऊब. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नाही, ते पचत नाही. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. गाईच्या दुधाने जुलाब लागतात, मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते ती आणा. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पिल्लू पालथंच ठेवून पाजा, आपल्या बाळांसारखं उताणं नाही, दूध फुफ्फुसात जातं. प्रत्येक वेळी पाजल्यावर ओल्या कापसाने खालून हलकेच पुसा, त्याशिवाय लघवी-शी होत नाही. किचनच्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन घ्या, दिवसाला साधारण दहा ग्रॅम वाढ हवी. एक दिवस वजन घटलं तरी डॉक्टर.

ही पिल्लं निवाऱ्यात ठेवू नका, घरांत वाटा. गावात निवृत्त शिक्षिका, रात्र जागून अभ्यास करणारी मुलं, नुकती एकटी पडलेली आजी, यांच्यासारखे सांभाळकर्ते शोधा. खर्च, औषध, डॉक्टर तुमचं. ऊब आणि वेळ त्यांचा. या घरांची संख्या वाढली की कामाचा आवाका वाढला समजा. मात्र घरात कुणी गरोदर असेल तर विष्ठेचं तसराळं दुसऱ्याने रोजच्या रोज साफ करायचं.

खाणं कुठून

मासळी बाजारातल्या बायका हा या कामाचा मोठा आधार. दुपारी बाजार उठायच्या वेळी जायचं, रोज त्याच वेळी, आपला डबा घेऊन. ओळख झाली की त्याच हाक मारतात, ‘बाय, माजरांक तकल्यो दवरल्यात गो,’ म्हणजे मांजरांसाठी माशांची डोकी ठेवली आहेत. डबा धुऊन न्या आणि त्यांच्या दुकानाभोवतीच्या मांजरांची नसबंदी सर्वांत आधी करा. त्या हे विसरत नाहीत.

मासे उकडूनच द्या. काही माशांत कच्चेपणी जीवनसत्त्व ब१ नष्ट करणारा घटक असतो, उकळल्यावर तो जातो. नुसत्या माशांवर वर्षानुवर्षं ठेवू नका, नुसत्या भातावर तर नाहीच. मांजराला टॉरिन नावाचा पोषक घटक लागतो, तो मांस-मासळीतच मिळतो, आणि कमी पडला तर डोळे आणि हृदय जातं. कोंबडीवाल्याकडून मानेचे तुकडे, थोडं काळीज, त्याला तयार खाण्याची जोड. उरलेलं हुमण (माशांची आमटी) घेऊन येणारे प्रेमाने आणतात, पण त्यात कांदा-लसूण असेल तर ते मांजराला विष. खारं सुकंही नको. ‘मावशी, उकडताना मीठ घालायच्या आधी बाजूला काढाल का?’ असं सांगितलं की लोक आनंदाने करतात.

पैसा आणि कागद

सात माणसं मिळाली की १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवता येते. बँक खातं संस्थेच्या नावाने, सही दोघांची, पहिल्या दिवसापासून. आयकरातली सूट, जिला सगळे ८०जी म्हणतात, ती मिळवा, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर ही सूट मिळत नाही हे देणाऱ्याला आधीच सांगा. दर महिन्याचा हिशेब देवळाच्या किंवा पंचायतीच्या फलकावर लावा: किती आले, औषधाला किती, खाण्याला किती. लोक शंभर रुपये देतात ते हिशेब दिसल्यावर दर महिन्याला देतात, आणि निवारा मोठ्या एका देणगीवर चालत नाही, अशा शंभरांवर चालतो.

गोव्यात एक खाचखळगा खास आहे. परदेशी नागरिकाची देणगी, तो इथेच राहत असला आणि रुपयांत देत असला तरी, परदेशी देणगीच धरली जाते. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला आपला शेजारीही त्यातच येतो. भारतीय पासपोर्टवर आखातात किंवा बोटीवर असलेला भाऊ येत नाही. परदेशी देणगीसाठी एफसीआरए नोंदणी लागते, आणि तिच्यासाठी साधारणपणे संस्थेची तीन वर्षं व त्या काळात १५ लाखांचं काम दाखवावं लागतं. तोवर अशी रक्कम नम्रपणे परत करा. वस्तूंबाबतही सी.ए.ला विचारूनच घ्या.

दत्तक देताना

नसबंदीशिवाय एकही पिल्लू बाहेर द्यायचं नाही. घर बघून या. पर्वरी-ताळगावच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीला जाळी आहे का ते बघा. ऑक्टोबरला येऊन मेमध्ये जाणाऱ्या भाडेकरूंना मांजर देऊ नका, कितीही लाडाने मागितलं तरी. जूनमध्ये बंद घराच्या पायरीवर बसलेली मांजरं त्यांचीच असतात. पाळीव प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे करारात लिहा. आणि ‘सांभाळता आलं नाही तर परत आम्हालाच द्यायचं, कधीही’ हे वाक्य ठळक अक्षरांत. काळी मांजरं मागे राहतात. त्यांचे फोटो उन्हात, पिवळ्या कापडावर काढा, डोळे उठून दिसतात.

तक्रार आली तर

एप्रिल-मेमध्ये अंगणात सोलां (आमसुलं) वाळत घातलेली असतात आणि मांजर नेमकं तिथे लोळतं. शेजारीण चिडली तर तिचं बरोबर आहे. बांबूच्या चौकटीवर जुनी मच्छरदाणी ताणून झाकण करून द्या, स्वतः जाऊन बसवा. तुळशीपाशी घाण होत असेल तर कोपऱ्यात सैल मातीचा वाफा करा, मांजरं तिकडे वळतात. खाणं कुणाच्या दारात घालायचं नाही, अर्ध्या तासात भांडी उचलायची, जागा धुवायची. विषाची धमकी कुणी दिली तर भांडू नका; भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला विष घालणं किंवा जिवे मारणं याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे पंचाला घेऊन शांतपणे सांगा. आणि त्या घरामागची मांजरं त्याच आठवड्यात नसबंदीला न्या. रात्रीची मारामारी आणि मुताचा वास कमी झाला की राग बराचसा उतरतो.

आपल्यानंतर

मांजर पंधरा-वीस वर्षं जगतं. चालवणारा आजारी पडला, परदेशी गेला, वारला, तर काय, हे पहिल्याच वर्षी लिहून ठेवा. प्रत्येक मांजराचं एक पान: फोटो, आल्याची तारीख, लसी, औषधं, स्वभाव, कुणाजवळ जातं. वही दोन घरांत, दोन प्रती. किल्ल्या तिघांकडे. तीन महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा, ज्याला एरवी हात लावायचा नाही. आणि वर्षातून एक आठवडा मुख्य माणसाने सुट्टीवर जावं, फोन बंद ठेवून. मागे राहिलेल्यांना काय अडलं त्याची यादी करायला सांगा, परत आल्यावर त्या यादीवर कामाला लागा.